दोघांची कॅम्परव्हॅन सहल: नॉर्वे, स्कॉटलंड की स्लोव्हेनिया?

बोरीकाठ

नमस्कार. अमळनेरहून लिहितेय. पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. लेक पुण्याला नोकरीत रुळली, सासूबाई धुळ्याला दिरांकडे राहायला आनंदाने तयार आहेत, तेव्हा दोघांनीच युरोपात जायचं ठरवलं आहे. पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवून बसमध्ये बसायचं आणि आठवड्यात सहा देश बघायचे, अशी सहल नको. कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची, मनाला येईल तिथे थांबायचं, स्वतः रांधून खायचं. नॉर्वे, स्कॉटलंड आणि स्लोव्हेनिया अशी तीन नावं काढली आहेत.

आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुम्हाला नेमकं सुचवता येईल. यांची चोपड्याकडे केळी आणि बागायती कपाशी आहे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी मे महिन्याचीच. सखाराम महाराजांचा वैशाखातला रथ झाल्याशिवाय हे गाव सोडणार नाहीत, आणि मृगाच्या आत घरी यायचं आहे. हे माळकरी आहेत, मांसमच्छी तर नाहीच, अंडंही चालत नाही. यांनी ट्रॅक्टरपासून पिकअपपर्यंत सगळं चालवलं आहे, मीही रोज शाळेला गाडी घेऊनच जाते. पैसे साठवलेत, पण उधळायचे नाहीत.

कुठला देश घ्यावा, आणि का? नुसतं 'छान आहे' नको, कारण लिहा.

पारोळ्याचा म्युनिककर

ताई, माझं मत स्लोव्हेनिया. पहिलं कारण आकार. हा अख्खा देश सुमारे २० हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपले जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे एकत्र केले तर त्याहून लहान. एवढ्याशा जागेत आल्प्स आहेत, ब्लेड आणि बोहिंयची सरोवरं आहेत, श्कोत्सियानच्या गुहा आहेत आणि खाली पिरानला समुद्र आहे. राजधानी ल्युब्लियानाहून ब्लेड तासाभराच्या आत येतं. कॅम्परव्हॅनमध्ये रोज तीनशे किलोमीटर तोडायचे असतील तर हॉटेलातच राहावं, गाडीत घर घेऊन जाण्याचा उपयोग काय?

दुसरं म्हणजे सोचा नदीचं खोरं. तिथे क्रान्स्का गोराहून व्रशिच खिंड ओलांडून जायचं. खिंड १६११ मीटरवर आहे आणि एकूण ५० वळणं आहेत, चढताना २४, पलीकडे त्रेंता खोऱ्यात उतरताना २६. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी. चढाच्या बाजूच्या वळणांवर दगडी फरसबंदी आहे, त्यावर टायरांचा आवाजच बदलतो. पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. १९१६ च्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी जण गेले. आठव्या वळणाजवळ त्यांच्या सोबत्यांनी बांधलेलं लाकडी प्रार्थनाघर आजही आहे. तिथे गाडी थांबवून पाच मिनिटं नक्की उभे राहा. तोरणमाळचा सातपायरी घाट चालवलेल्या दादांना या वळणांचं काही वाटणार नाही. मात्र मेच्या सुरुवातीला खिंड बर्फामुळे बंद असू शकते, तेव्हा इटलीतून प्रेडिल खिंडीने यायचं, ती ११५६ मीटरवर आहे.

वाटेल तिथे मुक्काम करता येत नाही, दंड होतो. पण नगरपालिकांनी कॅम्परसाठी केलेले तळ जागोजागी आहेत, पाटीवर पीझेडए असं लिहिलेलं असतं. पाणी भरा, सांडपाणी सोडा, वीज घ्या, झोपा.

गाडी म्युनिकला घेतली तर पर्याय भरपूर मिळतात आणि अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. जर्मनीत साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला महामार्गावर टोल नाही. ऑस्ट्रियाचा विन्येत, म्हणजे महामार्ग वापरायचा ठरावीक मुदतीचा पास, घ्यायचा, बोगद्यांचा टोल वेगळा, स्लोव्हेनियाचा विन्येत ऑनलाइन, गाडीच्या नंबरवर. व्हिसाचं एक लक्षात ठेवा: विमान म्युनिकला उतरलं तरी जास्त रात्री स्लोव्हेनियात असतील तर अर्ज स्लोव्हेनियाकडेच करायचा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाचा, नियम मुख्य मुक्कामाच्या देशाचा आहे, उतरण्याच्या विमानतळाचा नाही. फी ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

दादा शेतकरी आहेत म्हणून आणखी एक. २० मे हा जागतिक मधमाशी दिन स्लोव्हेनियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी ठरवला. आंतोन यान्शा या त्यांच्या मधमाशीपालकाच्या जन्माची ती नोंद आहे. तुम्ही नेमके त्याच दिवसांत तिथे असाल. तिकडे मधपेट्यांच्या दर्शनी फळ्या रंगवायची जुनी रीत आहे, गावागावात दिसतात.

सातपुड्याचा वारा

नॉर्वे मेमध्ये नको, एवढंच सांगायला आलो. उंचावरचे कितीतरी रस्ते बर्फामुळे मेअखेरपर्यंत, काही तर जूनपर्यंत उघडत नाहीत. लोफोटेनची बेटं सुंदर आहेत, मध्यरात्रीचा सूर्य मेच्या शेवटी दिसू लागतो, पण ओस्लोहून तिथपर्यंत १३०० किलोमीटरच्या वर अंतर आहे, म्हणजे जळगाव ते दिल्लीहून जास्त, आणि तेवढंच परत. वर फेरीबोटींचं भाडं, टोल, महाग किराणा. तिथे मोकळ्या जमिनीवर कोणालाही तंबू ठोकायचा कायदेशीर हक्क आहे, राहत्या घरापासून १५० मीटर लांब, हे खरं. पण त्याचा अर्थ गाडी रस्ता सोडून कुठेही घाला असा होत नाही. तिथे ऑगस्टमध्ये जावं, हाताशी महिनाभर असेल तेव्हा.

भुसावळ जंक्शन

स्लोव्हेनिया ठरलं तर नोवा गोरिकाजवळचा सोल्कानचा रेल्वे पूल चुकवू नका. सोचा नदीवर, दगडी, एकाच कमानीचा ८५ मीटरचा गाळा. दगडी रेल्वे पुलांमध्ये जगातली सर्वात मोठी कमान आहे ती. १९०५ चं काम. आयुष्य रेल्वेत गेलं म्हणून सांगतो, अशा गोष्टी बघायला माणसाने गाडी थांबवावी.

यावलची लेक

बोरीकाठ ताई, सगळे देशाबद्दल लिहितायत. मी एक विचारते. गाडी कोण चालवणार?

तुम्ही लिहिलंय की तुम्हीही रोज चालवता. मग युरोपातही तुम्ही चालवणार का, की दादा चालवणार आणि तुम्ही नकाशा धरून शेजारी बसणार? आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये मी हेच बघते. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, रस्त्याची बाजू उलटी, गाडी पावणेतीन मीटर उंच. पहिल्या दिवशी नवरा म्हणतो, 'आज मी घेतो, उद्या तू घे.' तो उद्या येत नाही. बाई दोन आठवडे बटाटे सोलते, रस्ता सांगते आणि परत जाते. नवराही थकून जातो, कारण सगळे घाट त्याच्याच अंगावर.

मी ग्लासगोला राहते, म्हणून स्कॉटलंड सांगते असं समजू नका. सांगते कारण इथे रस्त्याची बाजू आपलीच, डावी. स्टिअरिंग उजवीकडे. बसल्या बसल्या हात आपोआप जागेवर जातात. भारतीय लायसन्सवर इथे येणाऱ्या पाहुण्याला बारा महिने चालवता येतं, आणि आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असल्याने भाड्याच्या काउंटरवर अडत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना मागणाऱ्या काही कंपन्या असतात, तो आरटीओतून काढून ठेवाच. भाड्याच्या करारात दोघांची नावं चालक म्हणून घाला. दुसऱ्या नावाचे जास्तीचे पैसे पडले तरी घाला.

आणि मे हा इथला सर्वात चांगला महिना. पाऊस त्यातल्या त्यात कमी, रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड, आणि मिजेस, म्हणजे इथली चावरी चिलटं, अजून जोरात आलेली नसतात. जून-जुलैत संध्याकाळी दार उघडणं मुश्कील होतं.

पारोळ्याचा म्युनिककर

मुद्दा रास्त आहे. पण डाव्या स्टिअरिंगची सवय दोन दिवसांत होते, मी इथे रोज तेच करतो. आणि हायलँड्सच्या एकेरी रस्त्यांवर मोठी गाडी घेऊन समोरासमोर येणं नवख्याला सोपं का?

यावलची लेक

दादा, तुम्हाला सवय झाली कारण तुम्ही तिथे राहता. यांच्याकडे मोजके दिवस आहेत.

एकेरी रस्त्याचं नीट सांगते, कारण त्याचीच सगळ्यांना धास्ती असते. रस्ता एका गाडीपुरता, पण थोड्या थोड्या अंतरावर 'पासिंग प्लेस' लिहिलेली पांढरी पाटी आणि शेजारी रुंद केलेला तुकडा. समोरून गाडी दिसली की ज्याला जागा जवळ तो थांबतो. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं, समोरचा आत वळून निघून जातो. उजवीकडच्या तुकड्यात आपण शिरायचं नाही, हा एवढा नियम पाळला की भीती राहत नाही. मागे स्थानिक गाडी आली तर तिलाही थांबून पुढे जाऊ द्यायचं, त्यांना कामावर जायचं असतं. जाताना प्रत्येक जण एक हात वर करतो, आपणही करायचा. तिथे गाडी उभी करून फोटो काढायचे नाहीत आणि रात्री झोपायचं तर मुळीच नाही.

गाडी लहान घ्या, पाच ते साडेपाच मीटरची. दोघांना त्याहून मोठी लागत नाही. फक्त बेड रोज उलगडावा लागणार नाही असा, कायम अंथरलेला बघा. आणि ऑटोमॅटिक मागा, चढावर थांबून पुन्हा निघताना जीव हलका राहतो.

नॉर्थ कोस्ट ५०० चं नाव ऐकलं असेल, इन्व्हरनेसहून निघून तिथेच परत येणारा सव्वाआठशे किलोमीटरचा फेरा. तो पूर्ण करायचा अट्टहास नको. इन्व्हरनेसहून अलापूल नव्वदेक किलोमीटर, चांगला दुपदरी रस्ता. वाटेत कोरीशॅलॉखची घळ, झुलत्या पुलावरून ४६ मीटरचा धबधबा दिसतो. मग अ‍ॅसिंट, तिथला सुल्व्हेन डोंगर, लॉख अ‍ॅसिंट या सरोवराच्या काठावर आर्डव्रेक किल्ल्याचे अवशेष, काइलस्कूचा वळणदार पूल, आणि वर डरनेसची स्मू गुहा. या पट्ट्यात आठवडा घालवा. अ‍ॅपलक्रॉसच्या वाटेवरची बेलाख ना बा खिंड ६२६ मीटरचीच आहे, पण समुद्रसपाटीपासून सरळ चढते. मोठ्या गाड्यांनी आणि शिकाऊ चालकांनी जाऊ नये अशी पाटीच आहे. ड्रमबेगचा रस्ताही कॅम्परसाठी नाही.

एक गैरसमज दूर करते. स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. २००३ च्या जमीन कायद्याने मोकळ्या जागेत पायी फिरायचा आणि तंबू टाकायचा हक्क दिला, पण मोटारगाड्यांना तो लागू नाही. लॉख लोमंडच्या राष्ट्रीय उद्यानात तर १ मार्च ते ३० सप्टेंबर ठरावीक पट्ट्यांत परवाना काढूनच राहता येतं. मुक्कामाला कॅम्पसाइट घ्या, अधूनमधून वनखात्याच्या ज्या वाहनतळांवर रात्री राहायला परवानगी आहे ते बघा.

दगडधोंडे

अ‍ॅसिंटला गेलात तर अलापूलच्या उत्तरेला नॉकन क्रॅग हा कडा आहे, तिथे उतरा. तिथे जुना खडक नव्या खडकाच्या वर चढून बसलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांची यावरून मोठी भांडणं झाली. त्या भागातला लुइसियन नाइस नावाचा खडक जवळपास ३०० कोटी वर्षांपर्यंत जुना आहे. आपल्या खान्देशातला काळा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गात सांगायला याहून चांगलं काही मिळणार नाही. बेसाल्टचा एक तुकडा सोबत न्या आणि त्या खडकाशेजारी धरून फोटो काढा.

शिरपूरना आबा

ताई, दोन्ही जन जाई राह्यनात, मंग घाई कसाले? एकच जागा धरा, निवांत राहा.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. यावलची लेक, तुमचा प्रश्न यांना वाचून दाखवला. हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'तू चालवणार असशील तर मला खिडकीतून बघता तरी येईल. आजवर मी रस्ताच बघत आलो.' मला चालवायचं आहे. मनापासून चालवायचं आहे.

आता दोन शंका, जरा संकोचाच्या आहेत पण विचारते. शौचालयाचं कसं असतं? आणि फोडणीचं? शेवभाजी करायची म्हटली तर गाडीभर वास आणि खाट्याने ठसका लागायचा.

यावलची लेक

संकोच कसला, हे आधी माहीत असलेलंच बरं. शौचालयाखाली कॅसेट असते, म्हणजे हाताने काढता येणारी बंद टाकी. गाडीच्या बाहेरच्या अंगाला छोटं दार असतं, ते उघडून टाकी ओढून काढायची. कॅम्पसाइटवर तिच्यासाठी वेगळी जागा असते, इथे तिला एल्सन पॉइंट म्हणतात. तिथे ओतायची, धुवायची, थोडं पाणी आणि निळं औषध घालून परत सरकवायची. टाकी भरत आली की दिवा लागतो, त्याची वाट न बघता एक दिवसाआड रिकामी करा. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत साठतं, ते वेगळ्या झाकणातून सोडायचं. ते रस्त्याच्या कडेला सोडायचं नाही. काम दहा मिनिटांचं आहे, आणि ते आळीपाळीने करायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

फोडणी सरकत्या दाराशी, दार सताड उघडं ठेवून, छताची खिडकी उचलून, झोपायच्या तासभर आधी. बेडची पांघरुणं आधी मागे ढकलून ठेवा. कपड्यांत आणि गादीत वास बसला तर कंपनी सफाईचे पैसे कापते. आमच्याकडच्या पाहुण्यांचे एका कंपनीने कापले होते. विजेची जोडणी असलेल्या जागेवर छोटी इंडक्शन शेगडी बाहेर टेबलावर ठेवली तर सगळ्यात उत्तम. फक्त किटली आणि शेगडी एकदम लावू नका, ट्रिप होतं. चालत्या गाडीत गॅसचा कॉक बंद हवा.

काळा मसाला, शेव, बिबड्या, दाणे, कळण्याचं पीठ, छोटा कुकर मोठ्या बॅगेत आणा. तूप आणि खव्याची मिठाई आणायची नाही, दुग्धजन्य पदार्थ सीमेवर चालत नाहीत. तूप-लोणी इथेच घ्या. ग्लासगो, एडिंबरोत भारतीय किराणा आहे, इन्व्हरनेसच्या पुढे भरवसा धरू नका. सुपरमार्केटमधल्या बऱ्याच पाकिटांवर शाकाहारी असल्याचं छापलेलं असतं, पण इथल्या 'शाकाहारी'त अंडं येतं. म्हणून अंड्यासाठी घटकांची यादी वाचा, अ‍ॅलर्जीचे घटक तिथे ठळक छापतात. चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातलं विरजण, आहे का तेही बघा.

पारोळ्याचा म्युनिककर

जाता जाता, युरोपियन संघात ताजी फळं न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यातून पाच फळं वगळली आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. जळगावकरांसाठी लिहून ठेवतो. ताई, तुमचं स्कॉटलंड ठरत असेल तर मी भांडत नाही. स्लोव्हेनियाला दादांनी सप्टेंबरात यावं, वेचणीच्या आधी.

नंदुरबारी

कागदपत्रांचं मी सांगतो. ब्रिटनचा व्हिसा शेंगेनमध्ये येत नाही, वेगळा काढायचा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, त्याआधी नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला किंवा पुण्याला जावं लागेल, दोघांची वेळ एकाच दिवशी घ्या. शेतीचं उत्पन्न दाखवताना लोक अडकतात, कारण त्यावर आयकर नाही. सातबारा, आठ-अ, केळीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, आणि त्या पट्ट्यांचे पैसे जमा झालेलं बँकेचं खातं, हे एकमेकांशी जुळलं पाहिजे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडावंच लागतं. तुमच्या शाळेचं रजेचं आणि नोकरीचं पत्र इंग्रजीत घ्या, परत येण्याचा तो भक्कम पुरावा.

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याला फॉर्म ४-अ, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत लागते.

बोरीकाठ

ठरलं. स्कॉटलंड, रथ झाल्यावर. एडिंबरोला उतरणार, दोन रात्री हॉटेलात काढून झोपेचं चक्र बसवणार, मग गाडी. तिथून इन्व्हरनेस अडीचशे किलोमीटर आहे. त्या ए९ रस्त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत असं वाचलं, पाट्या मैलांत असतात, तेव्हा डॅशबोर्डवर मैल-किलोमीटरचा कागद चिकटवणार आहे. पुढे अलापूल आणि डरनेसपर्यंतचा पश्चिमेचा पट्टाच. आबांनी सांगितल्याप्रमाणे अलापूलला तीन रात्री एकाच जागी. अर्धा दिवस हे, अर्धा दिवस मी, जेवणानंतर चालक बदलणार.

ऑटोमॅटिक, कायम बेडची, साडेपाच मीटरच्या आतली गाडी मेसाठी लवकर संपते असं दोन ठिकाणी सांगितलं, म्हणून या रविवारी बुक करतेय. यावलची लेक, करारातल्या विम्याच्या अटी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते. काच, टायर आणि छताचं नुकसान त्यात धरलेलं आहे का, तेवढं बघून सांगा.

यावलची लेक

पाठवा. छत बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं, त्याचं वेगळं संरक्षण मिळतं ते घ्या. आणि गाडी ताब्यात घेताना उंचीचा आकडा विचारून सनव्हायझरवर लिहून ठेवा, मीटरमध्येही आणि फुटांतही. इथल्या वाहनतळांच्या आडव्या दांड्यांवर दोन्ही आकडे असतीलच असं नाही.